चौथीतली मुलगी, तिची आई आणि आयरिश भाषा: गॉलवे येथील एका मराठी कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरात राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, शाळा आणि नोकरीचे तपशील वगळले आहेत. नव्याने आलेल्या कुटुंबांना शाळेच्या कामात मदत करत असल्यामुळे मला ते जवळून पाहता आले. आयरिश शिकण्यासाठी धडे आणि साहित्य कुठे मिळेल, असा प्रश्न मराठी पालक वारंवार विचारतात. या कुटुंबाला साहित्य भरपूर मिळाले, आणि त्यांची खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

पार्श्वभूमी

वडिलांची वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत बदली झाल्यामुळे हे चौघे 2022 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून गॉलवेला आले. मुलगा तेरा वर्षांचा होता आणि मुलगी नऊ वर्षांची. दोघेही महाराष्ट्रात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेले असल्यामुळे भाषेची अडचण येणार नाही, असे पालकांनी गृहीत धरले होते. आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलली जाते हे खरे असले, तरी 1937 च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही तिथली राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे, आणि सरकारी अनुदान मिळणाऱ्या शाळांमध्ये ती बालवर्गापासून शिकवली जाते.

मुलीला चौथीत प्रवेश मिळाला. तिच्या वर्गातल्या मुलांचे आयरिशचे शिक्षण तोवर पाच वर्षे झालेले होते. मुलगा माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात गेला.

आयरिश विषयातून सवलत मिळण्याचे नियम 2019 मध्ये बदलले. परदेशात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला, त्याने आधी आयरिश कधीच शिकलेली नसेल आणि प्रवेशाच्या वेळी त्याचे वय बारा किंवा त्याहून अधिक असेल, तर पालकांच्या लेखी अर्जावरून मुख्याध्यापक सवलत देऊ शकतात. त्यामुळे एकाच घरात दोन वेगळ्या वाटा पडल्या. मुलाला सवलत मिळू शकत होती. मुलीला या कारणाखाली ती मिळण्यासारखी नव्हती. पालकांनी मुलासाठी प्रवेशाच्या दिवशीच अर्ज केला आणि तो विषय मिटला असे मानले.

अडचण

सप्टेंबरच्या शेवटी मुलीने हवामानावरचा एक कागद घरी आणला. वर ढग, छत्री आणि सूर्य यांची चित्रे होती, खाली आठ छोटी वाक्ये होती आणि ती शुक्रवारपर्यंत पाठ करायची होती. आईने ती वाचून दाखवायला घेतली आणि पहिल्याच ओळीत घोटाळा झाला. भूतकाळ सांगताना आयरिशमध्ये सतत येणारे एक क्रियापद बी, एच आणि दीर्घ आय या अक्षरांनी लिहितात. आईने ते ‘भी’ असे वाचले. त्याचा उच्चार ‘वी’ असा आहे. पावसासाठीचा शब्द तिने ‘बाइस्ती’ असा वाचला आणि वर्गात तो ‘बॉश्ची’ असा म्हटला जात होता. मुलीने शुक्रवारी आईने शिकवले तसे म्हणून दाखवले. त्यानंतर मुलगी आईबरोबर घरी आयरिशचा अभ्यास करायला तयार होईना.

या चुकीचे मूळ मराठी वाचकाने नीट समजून घ्यावे असे आहे, कारण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडखळतो. रोमन अक्षरांत मराठी लिहिताना आपण एच हे अक्षर महाप्राणासाठी वापरतो. बी-एच म्हणजे भ, टी-एच म्हणजे थ, डी-एच म्हणजे ध, ही सवय हाताला आणि डोळ्याला इतकी जडलेली असते की ती सवय आहे हेही जाणवत नाही. आयरिशमध्ये हाच एच व्यंजन मृदू झाल्याची खूण आहे. बी-एच आणि एम-एच यांचा उच्चार बहुधा व होतो, टी-एच नुसता ह उरतो, आणि सी-एच हा उर्दूतल्या ख़ सारखा घशातून येतो. आईसाठीचा आयरिश शब्द आपण ‘माथैर’ असा वाचू, पण तो ‘मॉहिर’च्या जवळ जातो. उलट ज्या अक्षरापुढे एच नाही, ते शब्दारंभीचे टी आयरिश माणूस श्वास सोडून उच्चारतो. ‘आहे’ या अर्थाचा ‘ता’ हा शब्द म्हणूनच मराठी कानाला पुष्कळदा ‘था’ असा ऐकू येतो. म्हणजे जिथे आपण महाप्राण घालतो तिथे तो नसतो, आणि जिथे घालत नाही तिथे असतो. छापील धड्यावरून हे कोणालाही कळणे शक्य नाही.

शेजाऱ्यांची मदत होईल अशी आईची अपेक्षा होती. 2022 च्या जनगणनेत तीन वर्षांवरील सुमारे 40 टक्के लोकांनी, म्हणजे 18,73,997 जणांनी, आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. त्यांतले शिक्षणसंस्थेबाहेर रोज आयरिश बोलणारे मात्र 71,968 होते. इमारतीतल्या शेजारणींनी आनंदाने वाक्ये वाचून दाखवली, पण प्रत्येकीचा उच्चार वेगळा होता आणि प्रत्येकीने शेवटी ‘शाळा सोडल्यावर मी हे विसरले’ असेच सांगितले.

पहिले दोन महिने: साहित्याची गर्दी

पुढच्या दोन महिन्यांत आईने जे मिळेल ते जमवले. मोबाइलवर भाषा शिकवणारे एक लोकप्रिय ॲप घेतले, व्हिडिओंच्या तीन मालिका सुरू केल्या, ग्रंथालयातून दोन पुस्तके आणली आणि जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातून एक वाचनमाला विकत घेतली. यांतली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी उपयोगी होती, पण त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

वाचनमाला जुन्या गेलिक वळणाच्या अक्षरांत छापलेली होती. त्या लिपीत मृदू व्यंजनावर एच ऐवजी टिंब देत असत, शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यात झालेल्या शुद्धलेखनाच्या सुधारणेपूर्वीचे तिचे लेखन होते. मुलीने त्यातला एक शब्द गृहपाठात तसाच उतरवला आणि तो चुकीचा ठरला. ॲपमधला आवाज आणि वर्गातल्या बाईंचा आवाज यांत मेळ नव्हता. ‘कशी आहेस’ हा साधा प्रश्न पाठ्यपुस्तकात ‘कोनस अता तू’ असा होता, बाई वर्गात शिरताना ‘केन ख्वी विल तू’ म्हणत, आणि एका व्हिडिओतले शिक्षक ‘गजे मर अता तू’ म्हणत होते. मुलीला वाटले की आईला काहीच कळत नाही, आणि आईला वाटले की या तिघांपैकी दोघे चुकत आहेत.

तिघेही बरोबर होते. आयरिशच्या तीन मुख्य बोली आहेत. दक्षिणेत मन्स्टरची, पश्चिमेत कॉनॉक्टची आणि उत्तरेत अल्स्टरची. 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत प्रमाण रूपाने लेखन आणि व्याकरण एका चौकटीत आणले, पण उच्चार ठरवून दिले नाहीत. त्यामुळे लिहायला प्रमाण आणि बोलायला कोणती तरी एक बोली, अशीच ही भाषा शिकावी लागते. ही एवढी माहिती त्या कुटुंबाला सप्टेंबरमध्ये कोणी दिली असती, तर पुढचा बराच मनस्ताप टळला असता.

पर्यायांचा विचार

नोव्हेंबरमध्ये आईवडील माझ्याशी बोलायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे पाच पर्याय होते.

पहिला पर्याय मुलीसाठीही सवलत मागण्याचा होता. वयाच्या निकषावर ती बसत नव्हती, आणि शिकण्यातल्या गंभीर व सततच्या अडचणींसाठी असलेला निकष तिला लागू नव्हता. मुलगी इतर सर्व विषयांत नीट चालली होती. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा पर्याय खाजगी शिकवणीचा. आयर्लंडमध्ये शिकवणीला ‘ग्राइंड्स’ म्हणतात, आणि त्या बहुतेक माध्यमिक परीक्षांची तयारी करून घेण्यासाठी असतात. नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून एक तास घरी येऊन शिकवणारी व्यक्ती शोधता आली असती, परंतु उरलेले सहा दिवस घरात तिच्याशी आयरिशमधून एक वाक्यही बोलणारे कोणी नव्हते, आणि खर्च मात्र दर आठवड्याचा होता. वडिलांचा कल याच पर्यायाकडे होता, कारण त्यात आपले काम दुसऱ्यावर सोपवता येत होते, असे त्यांनीच पुढे सांगितले.

तिसरा पर्याय गेलस्कोलचा, म्हणजे ज्या शाळेत सर्वच शिक्षण आयरिश माध्यमातून होते तिथे बदली घेण्याचा. एका सहकाऱ्याने तो आग्रहाने सुचवला होता. बालवर्गापासून तिथे गेलेली मुले सहज आयरिश बोलू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण चौथीत, शून्यापासून, गणित आणि इतिहासही त्याच भाषेत शिकायला लागणे मुलीवर जड गेले असते. देश बदलल्याला तीन महिनेच झाले होते आणि तिला नुकत्या दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या. माझ्या मते हा पर्याय नाकारण्याचे खरे कारण त्या मैत्रिणी होत्या, आणि ते कारण पुरेसे होते.

चौथा पर्याय काहीच न करता शाळेवर सोडून देण्याचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या वेळी आठवड्याला साडेतीन तास आयरिश कानावर पडत असे आणि लहान मुले पुष्कळ उचलतात. भीती एवढीच होती की आयरिशच्या तासाला मुलगी गप्प बसू लागली होती आणि ती गप्प बसण्याची सवय पक्की झाली असती.

पाचवा पर्याय, आईने स्वतः मुलीबरोबर शिकण्याचा. यात सर्वांत जास्त वेळ जाणार होता आणि निकालाची खात्री सर्वांत कमी होती. आईने तोच निवडला. त्या वेळी ती नोकरी शोधत होती, सकाळचा वेळ तिच्याकडे होता, आणि मराठीतून व्याकरण शिकवण्याचा तिला पूर्वीचा अनुभव होता.

बोलीचा निर्णय

शिकायचे ठरल्यावर कोणत्या साहित्यापासून सुरुवात करायची, या प्रश्नाआधी कोणती बोली हा प्रश्न सोडवावा लागला. आईचा सुरुवातीचा विचार पाठ्यपुस्तकातल्या रूपांप्रमाणे जाण्याचा होता. तो तर्कशुद्ध होता, पण पाठ्यपुस्तक प्रमाण रूपात होते आणि त्याला स्वतःचा आवाज नव्हता.

आम्ही आजूबाजूला काय आहे ते पाहिले. गॉलवे शहरापासून पश्चिमेला सुमारे 18 किलोमीटरवर स्पिडल हे गाव आहे, आणि तिथून पुढे कॉनेमाराचा आयरिशभाषक प्रदेश पसरलेला आहे. अशा प्रदेशाला गेलतख्त म्हणतात. 1972 मध्ये सुरू झालेल्या रेडिओ न गेलतख्ता या आकाशवाणी केंद्राचे आणि 1996 मध्ये सुरू झालेल्या, आज टीजी 4 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दूरचित्रवाहिनीचे मुख्यालय याच पट्ट्यात आहे. वर्गातल्या बाईंचे बोलणेही कॉनॉक्टचे होते. बसच्या अंतरावर बोलणारी माणसे असलेली बोली सोडून दुसरी धरण्याचे काहीच कारण उरले नाही. कॉनॉक्टची बोली ऐकायची आणि बोलायची, लिहायचे मात्र पाठ्यपुस्तकाप्रमाणे, असे ठरले.

हाच प्रश्न उत्तरेतल्या डोनेगलला किंवा दक्षिणेतल्या केरीला राहणाऱ्या कुटुंबाने विचारला, तर उत्तर वेगळे येईल. महाराष्ट्रात बसून शिकणाऱ्याला कोणतीही बोली चालेल, पण निदान पहिले वर्षभर तरी एकच असावी.

प्रत्यक्ष काय केले

आईने पहिल्यांदा शाळेत जाऊन बाईंची वेळ घेतली आणि चार गोष्टी विचारल्या. कोणते पाठ्यपुस्तक, त्याचे ध्वनिसाहित्य मिळते का, पुढच्या दोन महिन्यांत कोणते विषय येणार, आणि बाई स्वतः कोणत्या बोलीत बोलतात. प्रकाशकाने पाठ्यपुस्तकातला प्रत्येक संवाद ध्वनिमुद्रित करून ठेवलेला होता आणि तो घरून ऐकता येत होता. ही सोय पहिल्या दिवसापासून होती, पण इतर पालकांना ती ठाऊक असल्यामुळे कोणी सांगितले नव्हते. प्राथमिक शाळेतली आयरिश ठरावीक दहा विषयांभोवती फिरते: मी, घर, शाळा, अन्न, दूरदर्शन, खरेदी, छंद, कपडे, हवामान आणि सणसमारंभ. ही यादी हाती आल्यावर आईला आपला अभ्यास वर्गाच्या दोन आठवडे पुढे ठेवता आला.

नंतर साहित्य छाटले. ॲप बंद केले, व्हिडिओ बंद केले, जुनी वाचनमाला कपाटात गेली. उरली ती चार साधने.

त्यांतले पहिले आणि सर्वांत उपयोगी ठरलेले साधन त्यांगलन डॉट आयई. या विनामूल्य संकेतस्थळावर आयरिशचे मोठे शब्दकोश आणि व्याकरणाची रूपे आहेत, आणि नेहमीच्या हजारो शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींत वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकता येतात. शब्दाखाली बोलीनुसार वेगळी बटणे असतात. आईने मुलीला सांगितले, की आपण फक्त कॉनॉक्टचे बटण दाबायचे.

त्यांगलनवर सुट्या शब्दांचे उच्चार मिळतात, अख्ख्या वाक्यांचे मिळत नाहीत. त्यासाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने तयार केलेले अबर डॉट आयई वापरले. तिथे आपण लिहिलेले वाक्य यंत्राच्या आवाजात, हव्या त्या बोलीत आणि हव्या त्या वेगाने ऐकता येते. यंत्राचा आवाज माणसाच्या आवाजाची जागा घेत नाही, पण गृहपाठाचे वाक्य रात्री नऊ वाजता ऐकायचे असेल तेव्हा त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

तिसरे साधन पुस्तक. इथे पहिली निवड बदलावी लागली. आईने ‘लर्निंग आयरिश’ हे 1980 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक घेतले होते. ते स्पिडलच्याच किनारपट्टीवरच्या बोलीवर आधारलेले असल्यामुळे आमच्या निर्णयाशी तंतोतंत जुळत होते. पण त्याचे धडे दाट आहेत, एकेका धड्यात व्याकरणाचे बरेच नियम आणि मोठी शब्दयादी येते, आणि उच्चार ध्वनिशास्त्राच्या चिन्हांत दिलेले आहेत. आई त्यात रमली आणि मुलगी बाहेर पडली. जानेवारीत त्यांनी दोघींसाठी ‘बुन्तूस कान्चे’ घेतले. हा अभ्यासक्रम 1960 च्या दशकात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी तयार झाला. दोन पानांचा धडा, चित्र, थोडे शब्द आणि बोलण्याजोगी वाक्ये, सोबत ध्वनिमुद्रण. त्यातली काही वाक्ये आज जुनी वाटतात, पण रात्रीच्या जेवणाआधी एक धडा सहज होतो. मोठे पुस्तक आईने स्वतःसाठी ठेवले आणि शंका आली की उघडले.

चौथे साधन माणसे. शहरातल्या आयरिश भाषा केंद्रात संध्याकाळी चालणाऱ्या नवशिक्यांच्या वर्गात आईने नाव घातले. असे वर्ग देशभर भरतात. 1893 मध्ये स्थापन झालेली कोनरा न गेल्गे ही संस्था त्यांत सर्वांत जुनी आहे. परदेशातून शिकणाऱ्यांसाठी तिच्या शाखा आणि इतर संस्था दूरस्थ वर्गही घेतात.

घरात एक वही सुरू झाली. डाव्या बाजूला आयरिश शब्द, मध्ये मराठी अर्थ, उजव्या बाजूला देवनागरीत उच्चार. नियम एकच होता, की उजवा रकाना ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय भरायचा नाही. देवनागरीची मदत झाली आणि तिच्या मर्यादाही दिसल्या. आयरिश व्यंजनांत जाड आणि बारीक असा भेद असतो, आणि बारीक टी हा कॉनॉक्टमध्ये ‘चहा’तल्या च च्या जवळ ऐकू येतो. ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला च वेगळा आहे हे मराठी मुलीला सांगावे लागत नाही, त्यामुळे असा भेद असू शकतो हे तिला पटकन पटले. पण जाड आणि बारीक एल किंवा आर देवनागरीत वेगळे दाखवता येत नाहीत. वसंत ऋतूपर्यंत उजवा रकाना रिकामा राहू लागला, कारण कानाला त्याची गरज उरली नव्हती.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला बदल मात्र साहित्याच्या यादीत कुठेच नव्हता. सुरुवातीला आई आयरिश इंग्रजीतून समजावत होती, कारण सगळी पुस्तके इंग्रजीत होती. एकदा मुलीने विचारले, की आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना शब्द का नाहीत. आईने मराठीत उत्तर दिले, की मी तुला ‘जेवलीस का’ विचारते तेव्हा तू ‘जेवले’ म्हणतेस, तसेच ते. आयरिश माणूस प्रश्नातलेच क्रियापद परत देतो. तसेच पुस्तक ‘माझ्याजवळ आहे’ आणि भूक ‘मला लागली आहे’ या मराठी रचना आयरिशच्या रचनेला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत. त्यानंतर घरातला आयरिशचा अभ्यास मराठीतून होऊ लागला. मराठी ही आपल्याला मागे खेचणारी गोष्ट आहे, असे मुलीला शाळेत गेल्यापासून वाटत होते. इथे तिच्या वर्गमैत्रिणींना जे घोकावे लागत होते, ते तिला घरच्या भाषेमुळे आधीच ठाऊक होते.

ऐकण्यासाठी मुलगी टीजी 4 च्या कूला 4 या मुलांसाठीच्या सेवेवरची, ओळखीची असूनही आयरिशमध्ये बोलणारी कार्टून पाहू लागली. आई सकाळी रेडिओ लावत असे, पण तिथे पुन्हा बोलीचा प्रश्न आला, कारण रेडिओ न गेलतख्ता आपले कार्यक्रम तिन्ही प्रदेशांतून प्रसारित करते. म्हणून आईने कॉनेमाराहून येणारा ‘इरिश अनियर’ हा एकच कार्यक्रम धरला. पहिले कित्येक आठवडे तिला गावांची नावे सोडून काही कळले नाही.

मध्येच आलेला निर्णय

2023 च्या उन्हाळ्यात आईला आठवडाभराच्या निवासी अभ्यासक्रमाला जायचे होते. डोनेगलमधील ग्लेनकोलमकिल येथे ओइजस गेल ही संस्था 1984 पासून प्रौढांसाठी असे अभ्यासक्रम घेते आणि तिची ख्याती परदेशातही आहे. पण तिथे अल्स्टरची बोली कानावर पडणार होती. नुकता बसलेला कान विस्कटेल, या भीतीने तिने ते वर्ष सोडले आणि त्याऐवजी कॉनेमारातल्या एका घरी मुलीसह काही दिवस राहून आली. तिथल्या घरमालकीणबाईंनी दोघींना दुकानात पाठवून दूध, पाव आणि टपालाची तिकिटे आयरिशमध्ये मागायला लावली. मुलीने ती मागितली, आई मागे उभी राहिली. डोनेगलला आई पुढच्या वर्षी गेली, आणि तोवर ‘गजे मर’ ऐकून ती गोंधळत नव्हती.

परिणाम

मुलगी पाचवीत असताना वर्गात हात वर करू लागली. ती वर्गातली सर्वांत चांगली आयरिश विद्यार्थिनी झाली नाही, आणि तसे कोणी ठरवलेही नव्हते. तिचे लेखन अजून कच्चे आहे. शब्दाच्या सुरुवातीला व्यंजन बदलते तिथे, म्हणजे मृदू करण्याच्या आणि झाकण्याच्या (मूळ व्यंजनापुढे दुसरे आणून त्याचाच उच्चार करण्याच्या) नियमांत, ती चुकते. वाचन आणि उच्चार मात्र चांगले आहेत. मार्चमधल्या आयरिश भाषा सप्ताहात तिने शाळेच्या कार्यक्रमाचे निवेदन केले.

आईने मेनूथ विद्यापीठाकडून घेतल्या जाणाऱ्या, युरोपीय भाषास्तरांवर आधारलेल्या टेग या आयरिशच्या परीक्षेचा पहिला स्तर उत्तीर्ण केला आणि ती दुसऱ्याची तयारी करत आहे. भाषा केंद्रातल्या संभाषण मंडळात तिला ओळखी मिळाल्या आणि त्यांतल्याच एका ओळखीतून नोकरीही मिळाली. वडील शिकले नाहीत. त्यांना नमस्कार आणि आभार येतात.

मुलाची गोष्ट वेगळी झाली. आयरिशच्या तासाला तो ग्रंथालयात बसून इतर अभ्यास करत असे. दोन वर्षांनी त्याने प्राथमिक शिक्षक व्हायचे आहे असे घरी सांगितले. आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी शालान्त, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या, परीक्षेत आयरिश उच्च स्तरावर घेऊन किमान एच-4, म्हणजे वरून चौथी, श्रेणी मिळवावी लागते. सवलत घेतलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा आयरिश घ्यायला बंदी नसते, पण तोवर बुडालेले शिक्षण भरून काढणे त्याच्यावरच राहते.

वेगळे काय करता आले असते

सुरुवात महाराष्ट्रातूनच होऊ शकली असती. बदलीचे पत्र आणि विमानप्रवास यांच्यात काही महिने गेले होते. त्यांगलन, अबर आणि रेडिओ पुण्यातून किंवा नागपुरातूनही ऐकता येतात, आणि डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीने 2018 पासून फ्युचरलर्न या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम दिलेले आहेत. त्या काळात भाषा शिकून झाली नसती, पण बी-एच म्हणजे व, एवढे डोळ्याला कळले असते आणि तो पहिला शुक्रवार तसा गेला नसता.

दुसरे म्हणजे वाचनाआधी ऐकणे. आईने दोन महिने छापील मजकुरावर घालवले. मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा अक्षरांवर फार विश्वास असतो, कारण आपल्या लिपीत बहुतेक लिहिले तसे बोलले जाते. आयरिशचे शुद्धलेखनही नियमबद्ध आहे, इंग्रजीपेक्षा पुष्कळच, पण ते नियम कानाने ओळखीचे झाल्यावरच उलगडतात.

बाईंची भेट पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. ती नोव्हेंबरपर्यंत लांबली याचे कारण संकोच होता. शिक्षकांना प्रश्न विचारणे म्हणजे तक्रार करणे, अशी समजूत आपल्याकडे असते. इथल्या बाईंना मात्र कोणी परदेशी पालक आयरिशबद्दल विचारायला आला याचाच इतका आनंद झाला, की त्यांनी पुढे स्वतःहून दर महिन्याचे विषय लिहून पाठवले. बोली कोणती, हा प्रश्न तर पहिल्याच भेटीत विचारण्यासारखा आहे.

मोठ्या पुस्तकाऐवजी छोटे घेण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, पण आईचे मत वेगळे आहे. तिच्या मते अवघड पुस्तकाशी दोन महिने झुंजल्यामुळेच तिला पुढचे सोपे गेले. प्रौढ माणूस एकटा शिकत असेल तर ती बरोबर असू शकेल. मूल सोबत असेल, तर जेवणाआधी संपणारा धडाच चालतो.

मुलाच्या सवलतीचा निर्णय सर्वांत घाईने घेतला गेला आणि त्याचेच परिणाम सर्वांत लांब पोचले. तो अर्ज चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण तेराव्या वर्षी नव्या देशात आलेल्या मुलाला थोडी उसंत हवीच होती. पण सवलत घेऊनही तासाला वर्गातच बसून ऐकण्याची परवानगी शाळेकडे लेखी मागता आली असती. शालान्त परीक्षेत आयरिशच्या तोंडी परीक्षेला 40 टक्के गुण असतात, आणि दोन वर्षे नुसते ऐकलेल्या मुलाला तिथे आधार मिळाला असता. आता तो घरी बहिणीच्या जुन्या वहीपासून सुरुवात करतो आहे, आईच्या संध्याकाळच्या वर्गात त्याचे नाव घातले आहे, आणि सवलत सोडून शाळेतल्या आयरिशच्या तासाला परतायचे की नाही, याबद्दल त्याची शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांशी भेट ठरली आहे.